ढिगाखालची केबल

बार्कफेल्ड, २४ फेब्रुवारी

प्रिय एगार्टकाका,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका, कोणाला काही झालेलं नाही. फोनवर तुम्ही ‘हो हो, बघू’ म्हणता आणि ठेवून देता. पत्र निदान संपेपर्यंत बोलू देतं, म्हणून लिहिते आहे.

काल केबली तपासत वीडेनलोपासून हेमस्टेटच्या फाटकापर्यंत रुळाच्या कडेने चालत गेले. टेकडीच्या पायथ्याशी ईस्टरच्या आदल्या रात्री पेटवायच्या होळीचा ढीग रचायला सुरुवात झालेली दिसली. पक्ष्यांची घरटी मोडू नयेत म्हणून कायद्याने मार्च लागायच्या आत सगळ्यांना झुडपांची कुंपणं छाटायची असतात, तेव्हा फांद्या येणारच. पण काका, तुमचा ढीग माझ्या केबलींच्या उरावर बसला आहे.

रुळाच्या कडेने काँक्रीटची पन्हळ जाते ना, वर झाकणं असलेली? जिच्यावर बसून तुम्ही पाईप ओढता ती. तिच्यात सिग्नलच्या केबली आहेत. फाटक कधी पडायचं, सिग्नल कधी हिरवा व्हायचा, सगळं त्यांच्यातून जातं. केबलला धक्का लागला की सिग्नल आपोआप लाल होतो आणि गाडी असेल तिथे थांबते. अपघात होऊ नये म्हणूनच ती सोय आहे, पण गाडी थांबते ती थांबतेच. रेल्वे बंद होती तेव्हा त्या गंजक्या रुळांशेजारी तुम्ही काहीही जाळलंत तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं. आता बिघडतं. धगीने काँक्रीट तडकतं आणि आतल्या केबलीचं आवरण वितळतं. होळीला अजून वेळ आहे म्हणाल, तर ट्रॅक्टर वळवताना चाकं आत्ताच झाकणांवरून जात आहेत, आणि फांद्यांच्या उबेला उंदीर जमले आहेत.

आपली गाडी अजून तात्पुरतीच सुरू आहे, हे मी तुम्हाला काय सांगायचं? मे महिन्यात जिल्ह्याच्या सभेत ठरणार, गाडी ठेवायची की पुन्हा बस आणायची. सारखी बंद पडणारी गाडी कोण ठेवेल?

टेकडीच्या मागे हिनर्कमामांचं कुरण आहे. रुळापासून लांब, मोकळं, ओलसर. या वर्षी होळी तिकडे न्या. गेशेकाकूला माझा पापा द्या.

तुमची,
विब्के


वीडेनलो, १ मार्च

प्रिय विब्के,

पत्र वाचलं, दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना राग जरा जास्तच आला.

हिनर्कच्या कुरणात? हेमस्टेटच्या हद्दीत? त्यापेक्षा मी माझ्या दाढीला काडी लावून घेतो, तेवढीच होळी पुरे. तुझा तो मामा असेल, माझा मेहुणा आहे, आणि गेशेला मी वीडेनलोला आणली हे त्याच्या पोटात अजून दुखतं. दर वर्षी त्याच्या गावची माणसं आमचा ढीग आधीच पेटवून द्यायला टपलेली असतात. आम्ही ढिगाशेजारी चाकांचा जुना लाकडी डबा उभा करून आळीपाळीने राखण करतो ती काय हौस म्हणून? अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी गुड फ्रायडेलाच पेटवला होता. आम्ही शनिवारी राखेभोवती उभं राहून बिअर प्यायलो. ते मी विसरलेलो नाही, आणि आता त्यांच्याच कुरणात जाऊन होळी लावू?

रेल्वेचं मला शिकवू नकोस. ही गाडी परत यावी म्हणून अकरा वर्षं मी पावसात फलक घेऊन उभा राहिलो, तेव्हा तू शाळेत होतीस. गाडी मी आणली. होळी माझ्या आजोबांनी त्या जागी लावली. दोन्ही राहतील. अग्निशमन दलाचा प्रमुख मी आहे, आग कुठवर जाते ते मला कळतं.

आणि ढीग हलवणं म्हणजे काय टेबलावरची बशी सरकवणं वाटलं तुला? घराएवढा ढीग आहे. कोण हलवणार?

मंगळवारी आणि शुक्रवारी बार्कफेल्डच्या वृद्धाश्रमात गेशेकडे जातो. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मोटार सोडली, आता गाडीचाच आधार. काकू बरी आहे. कधी ओळखते, कधी नर्सला माझं नाव विचारते. तुझा पापा दिला, तिने गाल पुसला.

तुझा काका,
एगार्ट


वीडेनलो, १५ मार्च

विब्के,

काल तुझ्या रेल्वेने मला शेताच्या मधोमध अडीच तास बसवून ठेवलं. सिग्नल लाल. पुढे काही नाही, मागे काही नाही, बाहेर एक ससा. बार्कफेल्डला पोचलो तोवर गेशेला जेवण भरवून झालं होतं. शुक्रवारी मी भरवतो. नर्स म्हणाली, “आज त्या दाराकडेच बघत होत्या.”

तुझ्या खात्यातली माणसं काय करतात? झोपा काढतात का? माझ्या होळीत नाक खुपसायला वेळ आहे, सिग्नल सांभाळायला नाही!

एगार्ट


बार्कफेल्ड, १८ मार्च

प्रिय काका,

झोपा काढत नव्हते. शुक्रवारी दुपारी तुम्ही सशाकडे बघत होतात तेव्हा मी तुमच्या ढिगाखाली पोटावर पडून होते.

एक झाकण मधोमध मोडलेलं होतं. वर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा चिखलाचा ठसा अगदी स्पष्ट. त्या फटीतून उंदीर आत शिरले, गवत आणि कोणाची तरी लोकर आणून त्यांनी झकास घर केलं आणि केबलचं आवरण तांब्यापर्यंत कुरतडून ठेवलं. घर ढिगात, जेवण माझ्या पन्हळीत. ती केबल जोडून, तपासून, सिग्नल परत हिरवा करेपर्यंत अडीच तास गेले. लवकरच झालं म्हणायचं.

गार्ड सांगत होता, डब्यात दोन म्हातारे होते. तासभर एकमेकांकडे पाठ करून बसले, मग एकाने सॉसेजचा पाव काढला, सुरीने दोन तुकडे केले आणि एक न बोलता मागे सरकवला. दुसऱ्याने खाल्ला. एकाची दाढी तुमच्यासारखी होती म्हणे. दुसऱ्याच्या टोपीवर हेमस्टेटच्या अग्निशमन दलाचा बिल्ला. पत्रात तुम्ही फक्त सशाचा उल्लेख केलात, मामांचा नाही.

आता न आवडणारं ऐका. या हिवाळ्यातली गाडी बंद पडायची ही तिसरी वेळ. एका वेळी चोरांनी तांब्यासाठी केबल कापली, एका वेळी पाणी शिरलं, आणि तिसरी ही. जिल्ह्याच्या कचेरीत मला विचारलं, “चौथी कधी?” होळीच्या धगीने केबल वितळली तर काम तासांचं नाही, दिवसांचं असेल. मग मे महिन्यात बस येईल आणि गेशेकाकू दाराकडे बघत राहील.

तुम्हाला हे सगळं कळतं. तरी तुम्ही अडून बसला आहात, कारण चाळीस वर्षं त्या टेकडीखाली सगळ्या गावासमोर मशाल तुमच्या हातात असते. मोठेपणा सोडवत नाही, एवढंच. मला वाईट वाटतं असं लिहायला, पण तेच आहे.

मी झाकणं बदलते आहे, फटींत लोखंडी जाळी ठोकते आहे, ट्रॅक्टरच्या वाटेवर पोलादी पत्रे टाकते आहे. एवढं करूनही ढीग तिथेच राहिला तर होळीची परवानगी रोखावी म्हणून मी स्वतः अर्ज करणार. पुतणी म्हणून मला शिव्या द्या. अर्ज करणार.

विब्के


वीडेनलो, २ एप्रिल

प्रिय विब्के,

दोन आठवडे उत्तर दिलं नाही. आधी रागावलो होतो. नंतर दोनदा लिहायला बसलो, दोनदा कागद फाडला.

मशाल तुला देतो, घेऊन जा. हिनर्कला दे. मला मशाल नको.

गेशेची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि खिडकी उत्तरेला. दिवसा त्या खिडकीतून काही दिसत नाही, शेतं आणि पवनचक्क्या. पण मागच्या ईस्टरला होळी पेटली तेव्हा नर्सने तिला खिडकीशी बसवलं होतं. तोवर दोन महिने ती माझं नाव घेत नव्हती. मी गेलो की “हे कोण गृहस्थ?” म्हणायची, अगदी सभ्यपणे. त्या संध्याकाळी लांबवर आग दिसली आणि ती म्हणाली, “एगार्टची होळी.” नर्सने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी जिन्यात जाऊन बसलो, बराच वेळ वर आलो नाही.

म्हणून होळी टेकडीच्या अलीकडे हवी. हिनर्कच्या कुरणात लावली तर मध्ये टेकडी येते.

हे कोणाला सांगितलं नाही. बायकोने आपलं नाव घ्यावं म्हणून गावाची होळी अडवून धरणारा दलाचा प्रमुख, कसं दिसेल ते? तुलाही सांगणार नव्हतो. पण मोठेपणा म्हणालीस ते लागलं.

गाडीही हवी आणि आगही हवी. एकीने मी तिच्यापर्यंत जातो, दुसरीने ती माझ्यापर्यंत येते. यातलं कुठलं सोडू, ते तू सांग. तू शिकलेली आहेस.

काका


बार्कफेल्ड, ७ एप्रिल

प्रिय काका,

तुमचं पत्र घेऊन मी सरळ काकूकडे गेले. मोठेपणाचं जे लिहिलं त्याबद्दल माफ करा. मला खरंच दुसरं काही सुचलं नव्हतं.

काकूला खिडकीशी बसवलं, दुर्बीण लावून टेकडी शोधली. मला वाटत होतं, कुरणातली आग निदान टेकडीच्या माथ्यावर उजेड पाडेल. खोटं सांगणार नाही. दिसणार नाही. मध्ये टेकडी आणि तिच्यावरची पाईनची झाडं. धूर दिसेल, पण अंधारात धुराचं काय कळणार?

काकूने मध्येच विचारलं, “तू रेल्वेत आहेस का?” माझ्या अंगावर नारिंगी जाकीट होतं. मी हो म्हटलं. तर म्हणे, “मग त्याची गाडी वेळेवर सोड. तो मेला कायम उशिरा येतो.” कोणाबद्दल म्हणत होती ते मी विचारलं नाही, पण तुम्ही सोडून तिचं कायम उशिरा येणारं कोण आहे?

कुठलं सोडायचं ते मी कशी सांगू? मला फक्त केबलचं कळतं. होळीच्या शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडून पावणेआठची गाडी आहे आणि परतीची दहाची. त्या दोन्ही गाड्यांना वाटेत एकही सिग्नल लाल मिळणार नाही, एवढं मी बघेन. त्यासाठी ढीग मात्र तिथे नको.

लहानपणी होळीच्या दिवशी, शनिवारी सकाळी आपण ढीग उकलायचो ते आठवलं. आत झोपलेले हेजहॉग जळू नयेत म्हणून सगळा ढीग फांदी-फांदी काढून शेजारी रचायचा. ते काटेरी गोळे मी तुमच्या शिरस्त्राणात घालून कुंपणापलीकडे सोडायचे. तुम्ही म्हणायचात, “अजून एक राहिला असेल, बघ.” आणि खरंच असायचा.

विब्के


वीडेनलो, १२ एप्रिल

प्रिय विब्के,

मी गाढव आहे. हे पत्र जपून ठेव, असं मी पुन्हा लिहून देणार नाही.

‘घराएवढा ढीग कोण हलवणार’ असं तुला मार्चमध्ये ऐकवलं होतं. आणि दर वर्षी शनिवारी सकाळी सगळं गाव मिळून तोच ढीग हलवतं! हेजहॉगसाठी एका बाजूचा दुसऱ्या बाजूला. दोन पावलं हलवतो तसा टेकडीमागे हलवायचा, ट्रॅक्टर लावून. हेजहॉगसाठी जे करतो ते गाडीसाठी करायला माझ्या डोक्यात उजेड पडायला दीड महिना लागला. काल दलाच्या बैठकीत मांडलं. ट्रॅक्टरवाला लुर्स म्हणाला, “हेमस्टेटच्या कुरणात?” मी म्हटलं, “हो, हेमस्टेटच्या कुरणात. ज्याला पुढच्या वर्षी सायकलने बार्कफेल्डला जायचंय त्याने हात वर करा.” कोणी केला नाही.

हिनर्कशी बोलणं मला जड जाईल असं वाटलं होतं. मंगळवारी गाडीत बसला होता. हल्ली तोही मंगळवारीच येतो, पूर्वी मी नसेन तो वार बघून यायचा. मी म्हटलं, “तुझं कुरण पाहिजे.” तो म्हणाला, “गुडघाभर राख करून ठेवाल.” मी म्हटलं, “हो.” तो म्हणाला, “गवताला चांगली असते.” झालं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “गेशेला दिसणार नाही रे तिकडून.” म्हणजे त्यालाही माहीत होतं.

एक काळजी आहे. ढीग हलायचा शनिवारी सकाळी. त्याच्या आदल्या संध्याकाळी, गुड फ्रायडेला, हेमस्टेटचे कोणी काडी घेऊन आले तर? या वर्षी पेटला तर नुसती होळी जाणार नाही, तुझी केबलही जाईल. हिनर्कला सांगितलं. तो नुसता “हं” म्हणाला. त्याच्या ‘हं’चा अर्थ मला पन्नास वर्षांत कळलेला नाही.

तुझे पोलादी पत्रे आणि माणसं घेऊन सकाळी ये. ट्रॅक्टरवाल्यांवर ओरडायला तूच लागशील, माझं आता कोणी ऐकत नाही.

काका


वीडेनलो, ईस्टर सोमवार, २१ एप्रिल

प्रिय विब्के,

शनिवारी दुपारपर्यंतचं तू स्वतः पाहिलंस. तू पत्र्यावर उभी राहून हाइको लुर्सला ज्या शब्दांत ट्रॅक्टर मागे घ्यायला लावलास ते शब्द तू कुठे शिकलीस, असं पाद्रीबाई मला विचारत होत्या. मी म्हटलं, रेल्वेत.

तू नव्हतीस तेवढंच लिहितो.

शुक्रवारी संध्याकाळी मी राखणीच्या डब्याबाहेर बसलो होतो. उजेड होता अजून. बघतो तर हेमस्टेटच्या बाजूने हिनर्क चालत येतोय, काखेत घडीची खुर्ची, अंगावर दलाचा पूर्ण गणवेश, बटणंसुद्धा चकचकीत. मी म्हटलं, “आज अंत्ययात्रा आहे का कोणाची?” त्याने खुर्ची उघडली, ढिगाकडे पाठ केली आणि स्वतःच्या गावाकडे तोंड करून बसला. वीडेनलोच्या ढिगाची राखण करणारा हेमस्टेटचा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

थोड्या वेळाने आलेच त्याचे चार-पाच जण, दांडगे बाप्ये, एकाच्या हातात पेट्रोलचा डबा. जवळ आले तर समोर त्यांच्याच दलाचा प्रमुख. हिनर्क उठला नाही. म्हणाला, “ढिगाखाली सिग्नलची केबल आहे. ती जळली तर गाडी बंद. गाडी बंद पडली तर मला माझ्या बहिणीकडे घेऊन जायचं तुम्ही, आठवड्यातून दोनदा, तुमच्या मोटारीने, आणि वाटेत मी गाणार.” ते एकमेकांकडे बघायला लागले. मग डबेवाला म्हणाला, “सकाळी किती वाजता यायचं ढीग हलवायला?” म्हणून तुला सकाळी ओळखीचे नसलेले इतके हात दिसले. हेजहॉग मात्र त्यांना धरता येत नाहीत, हातमोजे घालूनही ते बाप्ये किंचाळतात.

संध्याकाळी कुरणात दोन्ही गावं जमली. बिअर त्यांची पातळ आहे, हे मी तोंडावर सांगितलं. साडेसातला, अजून लख्ख उजेड असताना, होळी पेटवली. लोक कुरकुरले, अंधार पडू दे म्हणाले. मी म्हटलं, माझी गाडी आहे. मशाल लावली, ढिगाने पेट घेईपर्यंत थांबलो, आणि मशाल हिनर्कच्या हातात दिली. त्याने घेतली आणि म्हणाला, “पळ.” या वयात मी पळालो. टेकडीला वळसा घालून, तुझ्या पन्हळीच्या कडेकडेने, झाकणावर पाय न देता.

गाडी वेळेवर. वाटेत एकही सिग्नल लाल नाही. मी डब्याच्या काचेला नाक लावून बसलो होतो, प्रत्येक हिरव्या दिव्याला मनात तुझं नाव घेतलं.

गेशे खिडकीशी बसली होती. नर्सने सवयीने बसवलं होतं. बाहेर काळोख पडत होता, आणि काळोखच होता, दुसरं काही नाही. मला वाटलं, आता म्हणणार, हे कोण गृहस्थ. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो, होळीतला धुरकट कोट काढायचाही राहिला.

तिने नाक वर केलं. वास घेतला. माझी बाही धरली, बाहीचा वास घेतला. चाळीस वर्षं दर ईस्टरला मी घरी परतलो की दारातच जे विचारायची तेच तिने विचारलं, त्याच वैतागलेल्या आवाजात:

“एगार्ट, नीट विझवून आलास ना?”

मी म्हटलं, “अजून जळतेय. हिनर्क बघतोय.”

“हिनर्क?” ती म्हणाली. “मग इथे काय बसलायस? जा परत!”

मी गेलो नाही. दहाच्या गाडीपर्यंत बसलो. गाडी वेळेवर आली.

तुझा काका,
एगार्ट